कोरेभाऊंचं मत

कोरेभाऊंचं खरं आडनाव कोरे नव्हतं. ते त्यांना त्यांच्या चेहऱ्यावरून मिळालं होतं. घरोघर जाऊन लोकांना प्रश्न विचारायचे आणि येईल ते उत्तर जसंच्या तसं टिपून आणायचं, हे त्यांचं काम. माणसं कशी जगतात, कोणावर विश्वास ठेवतात, कशाला घाबरतात, याचा शोध घेणारी एक संस्था होती. तिथली विद्वान मंडळी पंख्याखाली बसून प्रश्न तयार करायची आणि कोरेभाऊ ते प्रश्न उन्हातान्हात लोकांच्या दारापर्यंत पोचवायचे. समोरच्यानं सांगावं की मी देव पाहिलाय, किंवा शेजाऱ्याची कोंबडी मीच पळवली होती. कोरेभाऊंच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नसे. "हं," ते म्हणत. "आणखी काही?" आणि पुढच्या प्रश्नाकडे वळत.

हा चेहरा काही ते आईच्या पोटातून घेऊन आले नव्हते. नोकरीच्या सुरुवातीला ते चांगले हसतेबोलते होते, आणि तिथंच घात झाला. एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत? म्हातारा म्हणाला, बोलणं बंद आहे. कोरेभाऊंच्या तोंडून "अरेरे" निघून गेलं. मनाचे मऊ, करणार काय. पण म्हाताऱ्याला त्या "अरेरे"ची अशी गोडी लागली, की पुढच्या प्रत्येक प्रश्नाला तो रडगाणंच गाऊ लागला. तब्येत वाईट, मुलगा वाईट, सून तर विचारूच नका. पाणीपुरवठ्याबद्दल विचारलं तेव्हा मागे नळ धो धो वाहत होता, तरी म्हातारा म्हणाला, वाईट. संस्थेतल्या मोठ्या बाईंनी ती मुलाखत वाचली आणि कोरेभाऊंना समोर बसवून म्हणाल्या, "ही त्या आजोबांची उत्तरं नाहीत. ही तुमच्या अरेरेची उत्तरं आहेत."

ते वाक्य कोरेभाऊंच्या काळजात जाऊन बसलं. माणसं तोंड बघून बोलतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. विचारणाऱ्याच्या भुवया उंचावल्या की उत्तर खाली येतं, मान हलली की उत्तर पुढे धावतं. म्हणजे खरं ऐकायचं असेल तर आपण तिथं असून नसल्यासारखं असायला हवं. दुसरा कोणी असता तर हे ऐकून चहा प्यायला गेला असता. कोरेभाऊ घरी गेले आणि आरशासमोर बसून भुवया आवरायचा सराव करू लागले.

कामात ते असे पक्के होते की नवीन भरती झालेल्यांना शिकवायलाही त्यांनाच उभं करत. कोणत्या घरी जायचं याची संस्था सोडत काढायची; त्या सोडतीत जे दार निघालं तेच दार वाजवायचं, हा त्यांचा पहिला नियम. त्या दारात साखळी तोडायला निघालेला कुत्रा असला आणि शेजारच्या दारात एक गोड आजी "या ना, बसा ना" म्हणत असली, तरी कुत्र्याकडेच जायचं. "आजींसारख्या लोकांनाच विचारत राहिलात," ते सांगत, "तर शेवटी सगळं जग गोड आहे असा निष्कर्ष निघेल." कोरेभाऊंच्या पँटी ठिकठिकाणी रफू केलेल्या होत्या, त्या यामुळेच. दुसरा नियम, प्रश्न लिहिलाय तसाच वाचायचा, त्याला पदरचं शेपूट जोडायचं नाही. आणि तिसरा त्यांचा लाडका. माणूस "माहीत नाही" म्हणाला की लगेच पान उलटायचं नाही. थांबायचं, आणि तोच प्रश्न शांतपणे पुन्हा विचारायचा. "पुष्कळांना उत्तर माहीत असतं," ते म्हणत. "त्यांच्यासाठी कोणी थांबलेलं नसतं, एवढंच."

इथवर सगळं ठीक होतं. पण हा चेहरा रोज संध्याकाळी दाराबाहेर चपलांजवळ काढून ठेवायचा असतो, हे काही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

बायकोनं नवे पडदे आणले आणि विचारलं, "अहो, कसे वाटतात?" तर कोरेभाऊ म्हणाले, "तुला स्वतःला कसे वाटतात?" तिनं केस कापून घेतले, तर म्हणाले, "आधीच्या तुलनेत विचारतेस की एकंदरीत?" पोरीनं आपला मुलगा आपणच पसंत केला आणि एक दिवस त्याला घरी आणून दाखवला. तो गेल्यावर तिनं लगेच विचारलं, "बाबा, कसा आहे?" बाबा म्हणाले, "हं. आणखी काही?" लग्न झालं, पोरगी सासरी नांदायला लागली, पण जावई बिचारा अजूनही सासऱ्यांसमोर खुर्चीच्या कडेवर बसतो. आपण पास झालो की नापास, हे त्याला आजतागायत कळलेलं नाही.

बाहेर मात्र त्यांच्यासारखा लोकप्रिय माणूस नव्हता. गल्लीत वरच्या मजल्यावरच्यांचं खालच्यांशी जोराचं भांडण होतं आणि दोन्ही घरं शपथेवर सांगत, की कोरेभाऊ आपल्या बाजूचे आहेत. दोघांचंही त्यांनी सारखंच लक्ष देऊन ऐकलं होतं. असा ऐकणारा नवरा मिळायला नशीब लागतं, असं खालची बाई कोरेभाऊंच्या बायकोला म्हणाली. बायको नुसती हसली. त्या हसण्यात काय काय होतं ते लिहायला बसलो तर कागद पुरायचा नाही.

ही बायको गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कटिंगला होती. थरावर थर रचलेलं कापड एका दमात कापायचं काम. तिथं "तुला काय वाटतं" करून चालत नाही. खूण करायची, श्वास रोखायचा आणि कात्री चालवायची. एकदा कापलं की कापलं. तिच्या हाताखालून निघालेल्या कापडात चिंधी वाया जात नसे. म्हणूनच कारखान्यानं दूरच्या एका गावी नवीन शाखा काढली, तेव्हा तिथलं कटिंग सांभाळायला साहेबांनी तिचं नाव घेतलं. राहायला खोली, हाताखाली माणसं, आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी. सोमवारी हो की नाही ते सांगायचं होतं.

तिनं शनिवारी जेवता जेवता विषय काढला. कोरेभाऊंनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलले नाहीत, आणि शेवटी म्हणाले, "तुझ्या दृष्टीनं यात फायदे कोणते आणि तोटे कोणते?"

बायकोनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "अहो, मी तुमच्या सोडतीतलं दार नाहीये. मी इथं राहते."

"तसं नाही गं..."

"मग कसं? मला तुमचं मत हवंय. जा म्हणा. नको जाऊ म्हणा. खड्ड्यात जा म्हणा, मी तेही ऐकून घेईन. पण सोमवारच्या आत तुमच्या तोंडून एक सरळ वाक्य येऊ द्या. नाही आलं, तर मी समजायचं ते समजेन आणि बॅग भरेन."

मत तर कोरेभाऊंकडे होतं, चांगलं गलेलठ्ठ मत होतं. तिनं जाऊ नये. ती गेली तर या घरात सकाळी कपाटाचं दार कोण आपटणार, रेडिओशी कोण भांडणार, आणि संध्याकाळी येऊन आपण ऐकायचं तरी कोणाचं? पण ते बोलून कसं दाखवायचं? आपण नको म्हणालो तर ती राहील आणि जन्मभर त्या पाटीकडे मनातल्या मनात बघत बसेल. आपण जा म्हणालो तर हिला वाटेल, याला मोकळं व्हायचंय. काहीही बोललं तरी तिचं उत्तर तिचं राहणार नाही. म्हाताऱ्यासमोर निघालेलं आपलं "अरेरे" त्यांना आठवलं. आपण गप्प राहतोय ते तिच्याच भल्यासाठी, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. मूर्खपणाही माणूस मनापासून करू शकतो, त्याला काही बंदी नाही.

"आणखी थोडी आमटी देतेस?" ते म्हणाले. तिनं दिली. पातेलं मात्र जरा जोरात ठेवलं.

रविवारी सकाळी दार वाजलं. दारात एक भरदार बाई उभ्या होत्या, गळ्यात ओळखपत्र, काखेत कागद अडकवलेली फळी. त्या दुसऱ्याच एका संस्थेकडून आल्या होत्या. हयातभर दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून हे काम धरलं होतं. सोडतीत या घराचं दार निघालं होतं. कोरेभाऊंना एकदम गहिवरून आल्यासारखं झालं. इतकी वर्षं लोकांची दारं वाजवली, आज आपलं वाजलं.

"घरातले कर्ते पुरुष आपणच ना? बसा, बसा, घाबरायचं नाही," नर्सबाई म्हणाल्या. "अजिबात दुखत नाही. पटकन होऊन जाईल."

"असं नाही चालत," कोरेभाऊ म्हणाले. नियमाचा प्रश्न आला की त्यांना कंठ फुटायचा. "दार उघडेल त्याला विचारायचं नसतं. घरात ज्याचा वाढदिवस आधी येणार असेल त्याला विचारायचं. तुमच्या सूचनांत वरतीच असेल बघा."

नर्सबाईंनी बघितलं. होतं. आणि वाढदिवस आधी येत होता बायकोचा.

"आणि मुलाखतीच्या वेळी तिसरं माणूस जवळ नको," कोरेभाऊंनी स्वतःहूनच सांगितलं. "घरातलं तर नकोच. त्यानं उत्तरं बदलतात. मी आत चहा टाकतो." बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती पदर खोचून, कटिंगच्या टेबलाशी उभी राहते तशी, सरसावून बसलेली त्यांना दिसली असती. तिला आज पहिल्यांदाच या घरात कोणीतरी रीतसर विचारणार होतं.

स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या भिंतीला ताटं सरकवायची एक खिडकी होती. तिचं झाकण पावसाळ्यात फुगून बसलं होतं, ते धड लागत नसे. कोरेभाऊंनी आधण ठेवलं. ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण कान काही डोळ्यांसारखे मिटता येत नाहीत.

"आपल्या एकंदर आयुष्याबद्दल आपण किती समाधानी आहात?" नर्सबाईंनी वाचलं, आणि वर स्वतःचं जोडलं, "समाधानी आहात ना? छान! चेहऱ्यावरूनच कळतं."

आत कोरेभाऊंनी साखरेच्या डब्याचं झाकण दाबून धरलं. शेपूट! प्रश्नाला चांगलं हातभर शेपूट लावलं होतं बाईंनी.

"नाही," बायको म्हणाली. "मधलं लिहा."

"बरं, मधलं. घरातले मोठे निर्णय कोण घेतं? मिस्टर घेत असतील ना?"

दुसरं शेपूट. कोरेभाऊंनी चहात साखर घातली, मग विसरून पुन्हा घातली.

"कोणी घेत नाही. आपोआप पडून राहतात."

"अडचण आली तर मन कोणाजवळ मोकळं करता?"

"नवऱ्याजवळ," बायको म्हणाली, आणि आत कोरेभाऊंची मान ताठ झाली. "ते फार छान ऐकतात. त्यांच्यासारखं ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. भिंतीलाही मी सांगू शकते, पण भिंत मध्ये उठून पंखा लावत नाही, एवढाच फरक."

नर्सबाई खळखळून हसल्या. कोरेभाऊंची मान जागेवर आली. चहाला उकळी फुटून तो भांड्याच्या काठापर्यंत चढला होता, तो त्यांनी फुंकर मारून खाली बसवला, पण गॅस बारीक करायचं सुचलं नाही.

"आता पुढचा," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्ही काही काळासाठी दुसरीकडे राहायला गेलात, तर ज्याला तुमची उणीव भासेल असं घरात कोणी आहे, असं तुम्हाला वाटतं का? हो, नाही, की माहीत नाही? हो लिहू ना? हे काय विचारणं झालं!"

बाहेर एकदम शांतता पसरली. कोरेभाऊंनी त्यांच्या नोकरीत अशा शांतता पुष्कळ ऐकल्या होत्या. त्यांच्या तळाशी काहीतरी असतं, आणि विचारणाऱ्यानं दम धरला तर ते वर येतं. दम धरा, ते मनात म्हणाले, बाई, दम धरा.

"माहीत नाही," बायको म्हणाली. "मला कोणी कधी सांगितलं नाही."

आणि नर्सबाईंनी पान उलटलं. त्याचा आवाज आत स्पष्ट आला.

"थांबा!" कोरेभाऊ ओरडले.

ते कसे बाहेर आले ते त्यांनाही सांगता येणार नाही. हातात गाळणी होती, गाळणीतून चहा पायावर गळत होता, आणि मागे उरलेला चहा उतू जाऊन शेगडीवर चुरचुरत होता. कोरेभाऊंना एवढ्या मोठ्यानं बोलताना त्यांच्या बायकोनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. ती खुर्चीतून अर्धी उठलीच.

"पान का उलटलंत? माहीत नाही म्हटलं की पान उलटायचं नसतं! थांबायचं असतं! परत विचारा. जसा लिहिलाय तसा. शेपूट न लावता!"

"अहो, पण तुम्हीच म्हणालात ना, तिसरं माणूस..."

"विचारा!"

हयातभर वॉर्डात सगळ्यांना दमात घेणाऱ्या नर्सबाई बिचकल्या. त्यांनी पान मागे फिरवलं आणि शाळेतल्या मुलीसारखा प्रश्न वाचला. तुम्ही काही काळासाठी दुसरीकडे राहायला गेलात, तर ज्याला तुमची उणीव भासेल असं घरात कोणी आहे, असं तुम्हाला वाटतं का?

बायको कोरेभाऊंकडे बघत होती. "माहीत नाही," ती पुन्हा म्हणाली. आवाज बारीक होता. या वेळी ती नर्सबाईंना सांगत नव्हती.

कोरेभाऊ थांबले. नियमाप्रमाणेच थांबले. पण थांबल्यावर जे वर आलं, ते तिच्या तळातून नाही, त्यांच्याच.

"आहे," ते म्हणाले. "मला भासेल. मला या घरात एकट्याला बसवणार नाही. तू जाऊ नकोस."

नर्सबाईंची पेन्सिल हवेत राहिली. बायको पुढे आली आणि तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, एखाद्या कापडाचा पोत बघावा तसं, जवळून. भुवया कुठल्या कुठे गेल्या होत्या, नाक लाल झालं होतं, हनुवटी थरथरत होती.

"मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना म्हणत?" तिनं विचारलं. "तुम्हीच सांगता, लोक समोरच्याला आवडेल ते बोलतात."

"तुला आवडलं नाही तरी चालेल. पण हेच आहे. आणि पडदे मला मुळीच आवडत नाहीत. केस आवडले होते. जावई चांगला आहे." एकदा बांध फुटला म्हटल्यावर कोरेभाऊंनी सगळं साचलेलं एकदमच सोडून दिलं.

बायकोला हसू आवरेना. हसता हसता तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं, मग त्याच टोकानं त्यांच्या पायावरचा चहा पुसला. "मी जाणार आहे हो," ती म्हणाली. "माझं शुक्रवारीच ठरलंय. कापून झालंय ते. मला फक्त एवढंच कळायला हवं होतं, की मागे अडवणारं कोणी आहे का."

म्हणजे तिचं उत्तर तिचंच होतं. कोरेभाऊंनी वर्षानुवर्षं त्याला जपून राहावं आणि ते इतकं धडधाकट असावं, की त्यांच्या असल्या दहा मतांनी त्याचा टाकाही ढिला झाला नसता!

नर्सबाईंनी खाकरून विचारलं, "मग मी इथं काय लिहू? हो लिहू ना?"

"हो लिहा," बायको म्हणाली.

"नाही चालणार," कोरेभाऊ नाक ओढत म्हणाले. "मध्ये तिसरा माणूस बोललाय. मुलाखत बाद होते."

"मग बाद करा," बायको म्हणाली. "आणि चहा घेऊनच जा, जेवढा उरला असेल तेवढा." नर्सबाईंनी चहाचा एक घोट घेतला, त्यातली साखर ओळखली, आणि दुसरीकडे जायचंय म्हणत निघून गेल्या.

दार लागलं. बायकोनं पलंगाखालची बॅग ओढून काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि पाठ वळवूनच म्हणाली, "खोली दोघांपुरती आहे म्हणतात. तिथंही दारं असतीलच वाजवायला. कुत्रेसुद्धा असतील."

"मग तुला काय वाट..." कोरेभाऊंच्या तोंडून सवयीनं निघालं, आणि त्यांनी जीभ चावली. बायको बॅगेवर हात ठेवून तशीच उभी होती. ती थांबली होती.

"मी येतो," कोरेभाऊ म्हणाले. "विचारत नाहीये. सांगतोय."